पोळ्यासाठी कागदाचा बैल: लहान मुलांना घेऊन बसण्याआधी हे वाचा

पोळा आठवड्यावर आला की आमच्या सोसायटीतली तीन ते सात वर्षांची मुलं आमच्या घरी जमतात. कागदाचा बैल करायला. यंदाचं हे पाचवं वर्ष. पहिल्या वर्षी मी नऊ मुलांना घेऊन बसले होते आणि संध्याकाळपर्यंत नवातले सात बैल आडवे झाले. मुलांनी मन लावून रंगवलेले, टिकल्या लावलेले बैल, पण पाय मुडपलेले. एक चार वर्षांची मुलगी आपल्या बैलाला पुन्हा पुन्हा उभं करत होती आणि तो पुन्हा पुन्हा बसत होता. शेवटी तिनं विचारलं, "काकू, ह्याला बरं नाहीये का?"

त्या रात्री मी कार्डशीट घेऊन बसले आणि बैल नेमका कुठं कच्चा पडतो ते बघत राहिले. तेव्हापासून दरवर्षी एकेक गोष्ट सुधारत गेली. तुम्ही पहिल्यांदाच करणार असाल, तर तुमच्याकडच्या मुलांच्या वाट्याला ती संध्याकाळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत घरोघरी नेतात, बैलाची पूजा होते आणि मुलांच्या हातावर बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, ठेवला जातो. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या माझ्या मुलाला मी हे नुसतं सांगत होते. त्याला हातात धरायला काहीतरी हवं होतं. कागद घरात होताच.

एक नियम आधीच सांगते, कारण पुढची सगळी कृती त्यावर बेतलेली आहे. बैल उभा राहील हे बघणं मोठ्यांचं काम. तो दिसेल कसा, हे मुलांनी ठरवायचं. या दोन कामांची सरमिसळ झाली की मूल तरी रडतं, नाहीतर सगळा बैल आईच करते आणि मूल बघत बसतं.

काय काय लागेल

एका बैलासाठी:

- ए-४ आकाराचं एक जाड कार्डशीट. वजन २५० जीएसएमच्या आसपास (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, कागदाच्या जाडीचा अंदाज त्यावरून येतो). झेरॉक्सचा साधा कागद ८० जीएसएमच्या आगेमागे असतो, त्याचा बैल उभा राहत नाही.
- डोकं, शिंगं आणि कानांसाठी थोडा पातळ कार्डपेपर, साधारण १५० ते १८० जीएसएमचा
- मोठ्यांसाठी धारदार कात्री, मुलांसाठी गोल टोकाची
- पट्टी, पेन्सिल आणि शाई संपलेलं बॉलपेन
- झुलीसाठी रंगीत कागद: घोटीव, पतंगी, भेटवस्तूचं वेष्टन, जे असेल ते
- मेणाचे खडू, आणि ठशांसाठी थोडा पोस्टर कलर
- लोकर किंवा जाड दोरा, टिकल्यांचं एखादं पाकीट
- पांढरा डिंक आणि घरची खळ
- कपडे वाळत घालायचे चार चिमटे
- प्रत्येक मुलाला कडा असलेलं एक स्टीलचं ताट

ताट विसरू नका. कागदाचे तुकडे, टिकल्या, खडू सगळं ताटात राहतं, गडगडत सोफ्याखाली जात नाही. शिवाय "हे माझं, ते तुझं" यावरून होणारी निम्मी भांडणं ताटामुळेच टळतात.

कार्डशीट विकत आणायचं नसेल तर जुन्या लग्नपत्रिका फार उत्तम. कागद जाड असतो आणि आतली बाजू बहुधा कोरी असते. पत्रिका ए-४ पेक्षा लहान असते, तेव्हा पुढं दिलेली मापं त्या प्रमाणात कमी करा. मात्र पत्रिकेवर गणपतीचं किंवा कुलदैवताचं चित्र असेल तर तो भाग आधी वेगळा काढून ठेवा. आमच्याकडे एका मुलाच्या आजी बाजूलाच बसल्या होत्या. गणपतीवर कात्री चालताना बघून त्यांना फार लागलं. बोलल्या काही नाहीत, उठून आत गेल्या. ते माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

खळ अशी करा: दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. एक वाटी पाणी उकळून त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन जरा काचेसारखी झाक आली की उतरवा. पूर्ण गार झाल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नका, वरून गार वाटली तरी आत चटका बसतो. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात नको, ते विषारी आहे आणि ही बोटं तोंडात जाणारच.

पायरी १: कागदाचा धागा ओळखा

पहिल्या वर्षीचे सात बैल पडले ते बहुतेक याच कारणानं. कागदालाही लाकडासारखा धागा असतो. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू जास्त करून एकाच दिशेला बसतात. त्या दिशेनं कागद सहज गुंडाळला जातो, आडवा वाकवायला गेलं की अडतो. बैलाच्या पायात हा धागा उभा हवा. आडवा असला तर गुडघ्यात वाकलेला पाय पुन्हा सरळ होत नाही.

ओळखायचं कसं? त्याच कार्डशीटच्या गठ्ठ्यातल्या एका शीटचा चौकोनी तुकडा कापा आणि शीटची वरची बाजू कोणती ती पेन्सिलीनं लिहून ठेवा. आता तुकडा न चुरगळता हलकेच वाकवा, आधी डावी-उजवी कड जवळ आणून, मग वरची-खालची कड जवळ आणून. डावी-उजवी कड सहज जवळ आली तर धागा उभा आहे, म्हणजे आपल्याला हवा तसा. उलटं झालं तर मोठ्या आकाराचं शीट घेऊन दुसऱ्या दिशेनं कापून घ्या. तेही नसेल तर चारही पायांना आतून एकेक पट्टी चिकटवून पाय दुहेरी करा, मात्र त्या पट्टीचा धागा उभा असू द्या.

पायरी २: धड कापणं (मोठ्यांनी, आदल्या रात्री)

शीट उभं ठेवा, २१ सेंटीमीटरची कड वर आणि खाली. वरच्या कडेपासून १३.३ सेंटीमीटरवर एक आडवी रेघ, खालच्या कडेपासून १३.३ वर दुसरी. मधे साधारण ३ सेंटीमीटरची पट्टी उरते. ती बैलाची पाठ.

बरेच जण शीट मधोमध दुमडून तंबूसारखा बैल करतात. तो सोपा असतो, उभाही राहतो, पण त्याच्या पाठीवर काही ठेवता येत नाही आणि मान जोडायला जागा नसते. सपाट पाठीचा बैल स्टुलासारखा उभा राहतो. मी तरी हाच करते.

दोन्ही रेघांवर पट्टी ठेवून रिकामं बॉलपेन दाबून फिरवा. धाग्याला आडवी घडी घालायची आहे, बॉलपेन न फिरवता घातली तर कागद तडकतो आणि पाठीवर पांढऱ्या भेगा दिसतात. घडी आत्ता घालायची नाही, नुसती खूण करून ठेवायची.

आता पायांमधली मोकळी जागा. शीटच्या दोन्ही आखूड कडा एकमेकींवर आणा, पण मधे घडी दाबू नका. चिमट्यांनी कडा धरून ठेवा. डावीकडून ३.५ आणि उजवीकडून ३.५ सेंटीमीटर सोडा, हे पाय. मधल्या १४ सेंटीमीटरमध्ये कडेपासून ६.५ सेंटीमीटर उंचीची कमान काढा आणि दोन्ही थर एकदम कापा. चारही पाय आपोआप सारखे होतात.

इथं दोन ठिकाणी जपा:

पाय जिथं पोटाला मिळतो तिथं गोलाई ठेवा. कोपरा काटकोनी कापला तर मुलांच्या हातात तिथूनच फाटायला सुरुवात होते.

खुरांच्या कडेला कात्री लावू नका. ती कागदाची मूळ कड आहे, तिच्याइतकी सरळ कड आपल्या हातानं कापली जात नाही. एक पाय लांब वाटला म्हणून तो कापला, मग दुसरा लांब वाटला म्हणून तो कापला, असं करत करत एका वर्षी एक बैल डुकराएवढ्या पायांचा झाला होता आणि ते मूल फार हिरमुसलं होतं.

पायरी ३: आधी बैल बघा, मग रंग

दुसऱ्या दिवशी मुलं आली की लगेच रंग देऊ नका. दहा मिनिटं बैल बघा. गोठा जवळ असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पोळ्याचे फोटो चालतील, पण ते आपल्याकडच्या बैलांचेच हवेत. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातली गाय बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, सपाट पाठीची परदेशी गाय असते. आपल्या बैलाला वशिंड, म्हणजे खांद्यावरचा उंचवटा, असतं आणि मानेखाली कातडीची पोळी लोंबत असते. हे दोन्ही मुलांना दाखवा, बोट ठेवून दाखवा.

आमच्या सोसायटीत एक आजोबा आहेत, त्यांच्या घरी पूर्वी औताचे बैल होते. दुसऱ्या वर्षी ते सहज डोकावले आणि तासभर बसले. त्यांनी एका मुलाला ओणवं उभं केलं आणि त्याच्या मानेवर आडवी पट्टी ठेवून सांगितलं, "हे बघ, वशिंडाच्या पुढं जू बसतं. सगळं ओझं इथं. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी इथं तूप-हळद चोळायची." खोलीतली सगळी मुलं आपापल्या मानेला हात लावून बघत होती. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना मुद्दाम बोलवा.

मग बैल कुठला करायचा ते मुलाला विचारा. पांढरा-करडा, लांब मागं वळलेल्या शिंगांचा खिल्लार? नांदेड-लातूरकडचा गडद तांबडा लाल कंधारी? पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेला देवणी? नाशिक आणि नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या पावसाला न डगमगणारा डांगी? की आमच्या वर्ध्याचा पांढरा गवळाऊ? तीन वर्षांच्या मुलाला ही नावं लक्षात राहत नाहीत, पण "माझा लाल आहे" हे पक्कं राहतं. आणि कुणाला निळाच बैल हवा असेल तर निळा करू द्या.

पायरी ४: रंगवणं

रंग सपाट शीटवर द्यायचा, घड्या घालण्याआधी. उभ्या बैलावर मुलं रंगवायला गेली की हाताच्या दाबानं पाय मुडपतात.

अंगाला मेणाचे खडू. पाण्याचे रंग नकोत, कार्डशीट ओलं होऊन पुरीसारखं फुगतं. पोळा श्रावणातल्या अमावास्येला येतो आणि हवेत आधीच दमटपणा असतो, ओलं शीट दोन-दोन दिवस वाळत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बेंदूर, म्हणजे तिकडचा बैलांचा सण, त्याही आधी, आषाढात, ऐन पावसात असतो. तिकडच्यांनी तर आणखी जपावं.

वरून ठसे. खऱ्या बैलांच्या अंगावर गेरूचे, रंगाचे ठसे उमटवतात, कुठं हाताचा पंजा, कुठं वाटीच्या कडेचं गोल. आपल्या बैलावर मुलाच्या बोटाचा ठसा आणि बाटलीच्या झाकणाचं गोल. एका बशीत जुनी फडकी घडी करून ठेवा, तिच्यावर चमचाभर घट्ट पोस्टर कलर पसरा आणि बोट त्या फडक्यावर दाबायला सांगा. थेट रंगात बुडवलेलं बोट ठसा उमटवत नाही, थारोळं करतं.

रंगवून झालं की शीट वर्तमानपत्रात घालून जाड पुस्तकांखाली ठेवा. मुलांनी आज घरी जायचं, बैल उद्या. एकाच बैठकीत सगळं उरकायचा मोह होतो, तो टाळा. माझ्या अनुभवात या वयाची मुलं वीस-पंचवीस मिनिटं छान रमतात, त्यानंतर चिकटवाचिकटवीचं रूपांतर ओढाओढीत होतं.

पायरी ५: झूल, आणि मुलांच्या हातात कात्री

झुलीचा कागद १० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर लांब. पाठीवरून दोन्ही बाजूंना सारखी उतरते.

तीन वर्षांच्या मुलाला कात्री नकोच. त्याला रंगीत कागद फाडू दे आणि ते तुकडे खळीनं झुलीवर चिकटवू दे. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरून फाडणं हे त्या वयाला पुरेसं अवघड काम आहे. चार वर्षांच्या मुलाला झालर कापायला द्या: झुलीच्या कडेला एकेक छोटी चीर, एका वेळी कात्री एकदाच मिटायची. पाच-सहा वर्षांची मुलं रेघेवरून कापू शकतात, त्यांना नक्षी द्या.

कात्री धरताना अंगठा वर, आभाळाकडे. मूल कोपर बाहेर काढून, हात उलटा फिरवून कापायला लागलं की समजा कागद चुकीचा धरलाय. वळणावर कात्री फिरवायची नाही, दुसऱ्या हातानं कागद फिरवायचा. हे एकदा शांतपणे हातात हात धरून दाखवलं की मुलांना जमतं.

डावखुऱ्या मुलाला नेहमीच्या कात्रीनं बहुतेकदा नीट कापता येत नाही, कागद दोन पात्यांच्या मधे दुमडतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. आमच्याकडच्या एका मुलानं सलग दोन वर्षं "मला कापायचं नाही" म्हणून नुसतं चिकटवलं. तिसऱ्या वर्षी डाव्या हाताची कात्री आणली आणि त्यानं स्वतःची झालर कापून शेजारणीचीही कापून दिली. अशी कात्री मिळते, आधी चौकशी करून ठेवा.

टिकल्या आरशांसारख्या चमकणाऱ्या, चिकटवायला सोप्या. पण तीन वर्षांच्या आतलं भावंड आसपास रांगत असेल तर टिकल्या, मणी, घुंगरू काहीच काढू नका, ते सरळ तोंडात जातं. स्टेपलरची पिन आणि टाचणी कुठल्याच वयाला नको.

पायरी ६: बैल उभा करणं

आता खुणा केलेल्या रेघांवर घड्या. काटकोनापेक्षा थोडी जास्त आत दाबून सोडा, कागद थोडा परत उघडतो आणि बरोबर काटकोनात येतो.

तरीही दमट हवेत पाय हळूहळू फाकतात. त्यासाठी पोटपट्टी: ७ सेंटीमीटर लांब, २ रुंद. दोन्ही टोकांकडून २-२ सेंटीमीटर दुमडा आणि पोटाच्या आतून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला चिकटवा, पायांच्या थोडं वर. इथं पांढरा डिंक वापरा, खळीतल्या पाण्यानं जोड सैल पडतो. चिमटे लावून अर्धा तास सोडा.

चिमटे काढल्यावर पाठीवर काडेपेटी ठेवून बघा. बैल हलला नाही तर झालं.

पायरी ७: डोलणारी मान

मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग. दारावर येणारा नंदीबैल मान हलवतो तसा आपला बैलही हलवतो.

जाड कार्डशीटची २.५ सेंटीमीटर रुंद, ८ सेंटीमीटर लांब पट्टी घ्या. पहिले ३ सेंटीमीटर सोडून बाकीच्या भागाला एकेक सेंटीमीटरवर पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घाला. सपाट ३ सेंटीमीटरचा भाग पाठीच्या पुढच्या टोकावर चिकटवा, घड्यांचा भाग पुढं हवेत राहील. शेवटच्या घडीवर डोकं येणार.

डोकं पातळ कार्डपेपरचं, ७ सेंटीमीटर लांब, वर ४ आणि तोंडाकडे २.५ सेंटीमीटर रुंद, कोपरे गोल. याहून मोठं नको. मुलं आनंदानं मोठ्ठं डोकं मागतात आणि मग मान जमिनीला टेकते. घड्या जास्त घातल्या तरी तेच होतं. हलकं डोकं, कमी घड्या.

शिंगं वेगळी कापून डोक्याच्या मागून चिकटवा. कान शिंगांच्या खाली, बाजूला येतात, किंचित झुकलेले. मुलं कान वर लावतात, मांजरासारखे. मी फोटो पुन्हा एकदा समोर ठेवते आणि विचारते, "कान कुठून निघालेत रे?" बघून त्यांनी बदलले तर बदलले, नाही बदलले तर तसेच राहू देते. डोळे मुलांनीच काढायचे. डोळ्यांना हात लावू नका, एक मोठा एक लहान असला तरी. बैल त्या मुलाचा होतो तो डोळ्यांमुळे.

डोकं चिकटवल्यावर पाच मिनिटं मागून बोटानं आधार द्या. नंतर कपाळावर हलकी टिचकी मारली की मान वर-खाली होते. पहिल्यांदा मान डोलली की खोलीत जो आवाज होतो, तो शेजाऱ्यांना आधी कळवून ठेवा.

पायरी ८: वशिंड, शेपूट, साज

वशिंडासाठी ३ सेंटीमीटर रुंद, ७ सेंटीमीटर लांब पट्टी कमानीसारखी वाकवून पाठीवर पुढच्या बाजूला चिकटवा. मानेच्या पट्टीचा जोड तिच्याखाली झाकला जातो. त्यामागून झूल.

शेपटीला लोकरीच्या तीन पदरांची वेणी, टोकाला गाठ मारून झुपका सुटा सोडा आणि वरचं टोक पाठीच्या आतून चिकटवा. शिंगांना गोंडे, कपाळाला बाशिंग, गळ्यात दोऱ्याची माळ. यात मोठ्यांनी काही सांगायचं नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं बैलाच्या चारही पायांत कागदाच्या चपला घातल्या. चिखलात पाय दुखतात म्हणाली.

आदली संध्याकाळ आणि त्यानंतर

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. खऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. कागदावर तुपाचा डाग पसरतो, म्हणून आम्ही नुसती हळद घेतो, थेंबभर पाण्यात कालवलेली, घट्ट. मूल करंगळीनं ती वशिंडाच्या पुढं, मानेच्या सुरुवातीला लावतं. मग बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तीन वर्षांची मुलंही हे अगदी हळू आवाजात सांगतात. हळदीचा डाग कपड्यांवरून जात नाही, मुलांना जुने कपडे घालूनच पाठवायला सांगा.

पोळ्याच्या दिवशी जिन्याच्या पायऱ्यांवर बैलांची रांग लावतो, आंब्याच्या पानांचं छोटं तोरण बांधतो आणि पुरणपोळीचा घास प्रत्येक बैलापुढे वाटीत ठेवतो. पोळीला बैलाचं तोंड लावायचा आग्रह मुलं धरतात. तूप लागलं की डोकं गेलं, तेव्हा वाटी चार बोटं लांब ठेवा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकं नसल्यामुळे बैल ओढता येत नाही, पण ताटात ठेवून दारोदार नेता येतो, आणि आमच्या मजल्यावरचे सगळे आता आठवणीनं सुटे पैसे काढून ठेवतात.

बैल जपून ठेवायचा असेल तर बुटांच्या रिकाम्या खोक्यात उभाच ठेवा, मानेच्या घड्या दबू देऊ नका. खोक्यात डोक्याखाली कापसाचा बोळा दिला तर मान वर्षभर ताठ राहते. खळ लावलेल्या कागदाला कसर लागते, म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि दिवाळीच्या आवराआवरीत एकदा खोकं उघडून उन्हात ठेवा.